नाव की हुद्दा? मुक्त सॉफ्टवेअरच्या नामकरणाविषयी एक धागा

१/ वाचकहो, या खात्यावर आपण एरवी बखरी, सनदा, शिलालेख आणि किल्ले यांविषयी बोलतो. आजचा धागा संगणकाविषयी आहे, पण प्रश्न इतिहासाचाच आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते असे सॉफ्टवेअर. त्याला नाव कसे द्यावे? 'फाइल्स', 'टेक्स्ट एडिटर' असे कामाचे वर्णन करणारे, की 'डॉल्फिन', 'नॉटिलस', 'फायरफॉक्स' असे लहरी?

२/ हा प्रश्न मला सुचला तो एका ग्रंथालयात. अठराव्या शतकातील मोडी कागदांची चार हजारांवर छायाचित्रे एका फोल्डरमध्ये ठेवली होती. तिथल्या जुन्या संगणकावर लिनक्स होते आणि तो फोल्डर उघडताच खिडकी आपोआप मिटत असे. खिडकीवर प्रोग्रॅमचे नाव होते, 'फाइल्स'. मी महाजालावर शोधले, 'फाइल्स उघडताच बंद पडते'. जगातील यच्चयावत संगणकांच्या यच्चयावत तक्रारी समोर आल्या. माझी मात्र त्यांत नव्हती.

३/ दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी चालू प्रक्रियांची यादी उघडली आणि तिथे 'फाइल्स' नावाचे काहीच दिसेना. होते ते 'नॉटिलस'. तो शब्द घालून शोधले आणि पाच मिनिटांत उपाय सापडला. प्रोग्रॅमचे खरे नाव माझ्यापासून दडवले गेले होते, तेही माझ्या सोयीसाठी!

४/ आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्याच आठवड्यात ग्रंथालयातील काकू माझ्या लॅपटॉपवर एक सनद पाहायला बसल्या. माझ्याकडे केडीई आहे. काकूंनी मेनू उघडला आणि विचारले, "अगं, हा डॉल्फिन कशाला ठेवलायस इथे? खेळ आहे का हा? आणि ऑक्युलर म्हणजे डोळ्यांचं काही?" डॉल्फिन हा फाइली हाताळणारा प्रोग्रॅम आहे आणि ऑक्युलर कागदपत्रे वाचण्याचा. तीस वर्षे हस्तलिखितांची सूची अचूक सांभाळणाऱ्या बाई त्या दारात अडखळल्या. दोष त्यांचा खचितच नव्हता.

५/ म्हणजे वर्णनपर नावाने मला अडवले आणि लहरी नावाने काकूंना. या दोन्ही अडचणी खऱ्या मानूनच पुढे जायला हवे. त्यासाठी आधी ही नावे आली कुठून, ते पाहू.

६/ सुरुवात बेल लॅब्सपासून. १९६० च्या दशकात 'मल्टिक्स' नावाचा एक अवाढव्य प्रकल्प होता. बेल लॅब्स त्यातून १९६९ मध्ये बाहेर पडली आणि तिथल्या मोजक्या मंडळींनी स्वतःची आटोपशीर यंत्रणा लिहिली. 'मल्टी' म्हणजे अनेक, म्हणून हिचे नाव 'युनि', म्हणजे एक, यावरून 'युनिक्स'. थोरल्या प्रकल्पाला मारलेला हा टोमणा होता. ज्या यंत्रणेच्या वंशात आजचे बहुतेक फोन मोडतात, तिचे नाव एका कोटीतून आले आहे.

७/ पुढची पिढीही त्याच वळणाची निघाली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. नाव 'ग्नू'. विस्तार: 'ग्नू इज नॉट युनिक्स'. या विस्तारातील पहिला शब्द पुन्हा 'ग्नू'च, म्हणजे हा विस्तार कधी संपतच नाही. ग्नू हा आफ्रिकेतील एक प्राणीही आहे. तो पुढे प्रकल्पाचे बोधचिन्ह झाला.

८/ १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने एक गाभा लिहिला. त्याच्या मनातले नाव होते 'फ्रीक्स'. पण ज्या सर्व्हरवर तो ठेवायचा होता, तिथले व्यवस्थापक आरी लेम्के यांना ते रुचले नाही. त्यांनी फोल्डरला 'लिनक्स' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. जनकाने योजलेले नाव मागे पडले आणि बारशाला आलेल्या पाहुण्याने ठेवलेले टिकले!

९/ मग आला डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, चिन्हे आणि मेनू यांचे जग. त्या काळी युनिक्सवर 'सीडीई' नावाचे व्यापारी डेस्कटॉप वातावरण होते. १९९६ मध्ये जर्मनीतील मथायस एट्रिख यांनी मुक्त पर्याय जाहीर केला आणि त्याला 'केडीई' म्हटले. 'के' म्हणजे 'कूल', तेही मुद्दाम चुकीच्या अक्षराने लिहिलेले. पुढे त्या 'के'चा अर्थ सोडून देण्यात आला. अक्षर मात्र राहिले. कन्सोलचे स्पेलिंगही 'के'ने सुरू झाले, टपालाचा प्रोग्रॅम 'केमेल' झाला.

१०/ त्यांच्या ब्राउझरच्या नावात तर एक लहानसा इतिहासच आहे. आधी नेटस्केपचा 'नॅव्हिगेटर' आला, म्हणजे नौका हाकणारा. मग मायक्रोसॉफ्टचा 'एक्सप्लोरर', म्हणजे शोध घेणारा. केडीईवाल्यांनी २००० मध्ये आणला 'कॉंकरर', म्हणजे जिंकून घेणारा. वसाहतवादाचा इतिहास शिकलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. विनोद जरा बोचरा आहे, पण कालानुक्रम अचूक आहे.

११/ १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' सुरू केले. त्याच्या फाइल व्यवस्थापकाचे नाव 'नॉटिलस', म्हणजे वळणदार शंखात राहणारा सागरी जीव. तो घडवला ईझेल नावाच्या कंपनीने. मार्च २००१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. सॉफ्टवेअर मुक्त होते, म्हणून निर्माते गेल्यावरही ते जगले. आजही ते जिवंत आहे.

१२/ पण २०१२ च्या सुमारास ग्नोमने धोरण बदलले. 'नॉटिलस'चे झाले 'फाइल्स'. 'एपिफनी' या ब्राउझरचे झाले 'वेब'. 'टोटेम'चे झाले 'व्हिडिओज'. हेतू चांगला होता. नवख्या माणसाला शब्द पाहताच काम कळावे, कोडी सोडवत बसावे लागू नये. काकूंची अडचण त्यांना दिसली होती आणि त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

१३/ तरीही माझ्या मते हा उपाय चुकला. कारण समजण्यासाठी आपल्याच इतिहासातला एक साधा भेद घेऊ: नाव आणि हुद्दा. 'पेशवा' हा हुद्दा आहे, 'बाजीराव' हे नाव. १७३७ मध्ये दिल्लीवर धडक मारणारा पेशवा होता. १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झालेलाही पेशवाच होता. कागदांत केवळ 'पेशवा' एवढेच लिहिले असते, तर आपण कोणाचे गुण कोणाला चिकटवले असते? नावही दोघांचे एकच, म्हणून 'पहिला' आणि 'दुसरा' असे तिसरे विशेषण लावावे लागते, ते वेगळेच.

१४/ 'फाइल्स', 'वेब', 'टेक्स्ट एडिटर' हे हुद्दे आहेत. हुद्द्यावरची व्यक्ती बदलते. ग्नोममध्ये फाइली सांभाळण्याच्या जागेवर नॉटिलसपूर्वी 'मिडनाइट कमांडर'ची एक आवृत्ती होती. चित्रे दाखवण्याच्या जागेवर अनेक वर्षे 'आय ऑफ ग्नोम' होता. २०२३ मध्ये तिथे 'लूप' आला. आधीचा सी भाषेत लिहिलेला, नंतरचा रस्ट भाषेत. आज्ञावली वेगळी, घडण वेगळी, दोषही वेगळे. मेनूत मात्र दोघांचीही पाटी एकच, 'इमेज व्ह्यूअर'.

१५/ आता कल्पना करा. २०१९ मध्ये कोणी तक्रार लिहिली की 'इमेज व्ह्यूअर'मध्ये अमुक प्रकारचे चित्र उघडत नाही. २०२४ मध्ये दुसऱ्याने तेच शब्द लिहिले. पन्नास वर्षांनी हे वाचणारा संशोधक म्हणेल की हा दोष पाच वर्षे तसाच राहिला. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या प्रोग्रॅमांच्या दोन वेगळ्या तक्रारी असतील. साधनांची चिकित्सा शिकताना आपल्याला हाच धोका पहिल्या वर्षी शिकवतात.

१६/ उलट, विशेषनामे पुरावा जपतात. याचे उदाहरण तुमच्या हातातच आहे. तुमचा ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. क्रोमच्या त्या ओळीत आजही 'मोझिला', 'वेबकिट', 'केएचटीएमएल', 'गेको' आणि 'सफारी' ही सगळी नावे ओळीने येतात.

१७/ ही ओळ ताम्रपटातील वंशावळीसारखी वाचता येते. 'मोझिला' हे नेटस्केपचे घरगुती नाव, 'मोझेक' या आधीच्या ब्राउझरला संपवणारा गॉडझिला अशा अर्थाचे. 'गेको' हे मोझिलाचे इंजिन. 'केएचटीएमएल' हे कॉंकररचे इंजिन. ॲपलने तेच घेऊन 'वेबकिट' घडवले आणि २००३ मध्ये 'सफारी' आणला. पुढे क्रोमने वेबकिट घेतले आणि २०१३ मध्ये त्यातून आपली वेगळी शाखा काढली. जर्मनीतल्या हौशी मंडळींचा तो 'के' आज अब्जावधी यंत्रांतून फिरतो आहे. त्या सगळ्यांचे नाव 'वेब' असते, तर ही वंशावळ कुठून काढली असती?

१८/ वर्णनपर नावाची आणखी एक अडचण कायद्याची आहे. सर्वसामान्य शब्दावर कोणाची मालकी सिद्ध होत नाही आणि तोच शब्द आधी दुसऱ्याने घेतलेला असण्याचा संभवही मोठा. सन कंपनीने २००० मध्ये आपला कार्यालयीन संच मुक्त केला, तेव्हा 'ओपनऑफिस' हे सरळ, वर्णनपर नाव दुसऱ्यांकडे होते. म्हणून प्रकल्पाला आपले अधिकृत नाव 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' असे शेपटीसकट लावावे लागले. २०१० मध्ये कार्यकर्ते वेगळे झाले, तेव्हा बोधनाम नव्या मालकाकडे, ओरॅकलकडे, राहिले. नवे नाव घ्यावे लागले, 'लिबरऑफिस'.

१९/ लहरी नावेही या कचाट्यातून सुटत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आज ज्याला आपण फायरफॉक्स म्हणतो, त्याचे नाव २००२ मध्ये 'फिनिक्स' होते. फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीमुळे ते सोडावे लागले. २००३ मध्ये 'फायरबर्ड' झाले. त्याच नावाचा एक मुक्त डेटाबेस आधीपासून होता. त्यांनी आक्षेप घेतला. फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' ठरले. पण फरक पाहा. लहरी नावांचा साठा अमर्याद आहे, तिसऱ्या प्रयत्नात मोकळे नाव सापडते. 'वेब'ला तिसरा पर्याय कोणता?

२०/ माझे सर्वात आवडते उदाहरण 'पिजिन'चे. हा गप्पांचा प्रोग्रॅम आधी 'गेम' म्हणून ओळखला जाई, अमेरिकेतील एओएल कंपनीच्या 'एआयएम' सेवेवरून. कंपनीने बोधनामाचा आक्षेप घेतला आणि २००७ मध्ये नाव बदलले. पिजिन म्हणजे भिन्नभाषक लोक व्यापारासाठी एकत्र आल्यावर तयार होणारी मिश्र बोली. अनेक गप्पा-सेवांना एका खिडकीत बोलते करणाऱ्या प्रोग्रॅमला याहून नेमके नाव कोणते? ते अर्थवाही आहे आणि वेगळेही. चांगले विशेषनाम दोन्ही साधू शकते.

२१/ आता माझ्या मताविरुद्धचा सर्वात जड पुरावा. 'जिंप' हा चित्रे संपादित करण्याचा प्रोग्रॅम १९९५ मध्ये बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केला. नाव आद्याक्षरांवरून बनले. पण इंग्रजीत तो शब्द अपंग व्यक्तीला हिणवण्यासाठी वापरला जातो. आपल्याला तो निरर्थक वाटतो, इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात तो एखाद्या मुलाला लागू शकतो. २०१९ मध्ये काहींनी याच कारणाने 'ग्लिंप्स' नावाची शाखा काढली. माणसे आणि पैसा कमी पडून ती २०२१ मध्ये थांबली.

२२/ इथे मी इतिहासाची ढाल पुढे करणार नाही. जे नाव एखाद्या समूहाला खाली पाहायला लावते, ते जुने आहे म्हणून पवित्र ठरत नाही. ते बदलावे आणि बदल झाल्याची नोंद ठेवावी. मात्र त्याच्या जागी दुसरे विशेषनाम द्यावे. 'इमेज एडिटर' असा हुद्दा तिथे ठेवला, तर एका अन्यायाचे निवारण करताना ओळख गमावून बसू.

२३/ मग काकूंचे काय? त्यांच्यासाठीची सोय वास्तविक कधीच झाली आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर प्रत्येक प्रोग्रॅमसोबत एक छोटी नोंद-फाइल येते. तिचे नियम सर्व प्रमुख डेस्कटॉपांनी मिळून ठरवले आहेत. त्या नोंदीत 'नाव' हा एक रकाना आहे आणि 'सामान्य नाव' हा दुसरा. पहिल्यात 'फायरफॉक्स' लिहावे, दुसऱ्यात 'वेब ब्राउझर'. म्हणजे नाव आणि हुद्दा, दोन्हींना स्वतंत्र जागा. केडीईच्या मेनूत तर आधी नाव दाखवावे की वर्णन, हेही निवडता येते.

२४/ या रकान्यांचे भाषांतर करता येते, प्रत्येक भाषेसाठी वेगळी ओळ लिहून. मराठीचीही तरतूद आहे. हुद्दा भाषांतरित होतो, नाव होत नाही. आपल्याकडे हेच घडले होते. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी फारसी हुद्द्यांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदार अमात्य झाले, डबीर सुमंत झाले. रघुनाथपंतांचा राज्यव्यवहारकोश याच खटपटीचे फळ. पण हुद्दा पेशवा म्हणा की मुख्य प्रधान, मोरोपंत मोरोपंतच राहिले. माणसाच्या नावाचे भाषांतर करण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

२५/ म्हणून माझा आग्रह असा. विशेषनाम ठेवा, ते दिसू द्या आणि त्याशेजारी वापरणाऱ्याच्या भाषेत हुद्दा लिहा. 'डॉल्फिन' आणि त्याखाली 'फाइल व्यवस्थापक'. 'नॉटिलस' आणि त्याखाली तेच. काकूंना दार सापडेल आणि मला दोन दिवस वणवण करावी लागणार नाही. ग्नोमने नाव दडवणे सोडावे, केडीईने वर्णन ठळक करावे. दोघांचेही यात काहीच बिघडत नाही.

२६/ एक आक्षेप अपेक्षित आहे: "लोक फोनवर काहीही लहरी नाव शिकतातच की, मग वर्णन हवेच कशाला?" शिकतात, कारण त्या नावांमागे जाहिरातीचे कोट्यवधी रुपये असतात. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ते बळ नाही. त्याची ओळख करून देणारी गोष्ट एकच, पाटीवरची ती दुसरी ओळ. ती ओळ मराठीत लिहिण्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. चांगले मराठी येणारा कोणीही स्वयंसेवक हे काम करू शकतो आणि या धाग्याच्या वाचकांत असे बरेच जण आहेत.

२७/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. प्रबंधात तुम्ही कागदाचे दप्तर आणि रुमाल क्रमांक नोंदवता. मग छायाचित्र उजळण्यासाठी, नकाशा आखण्यासाठी, तक्ता मांडण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरले, त्याचे नाव आणि आवृत्तीही नोंदवा. 'इमेज एडिटर वापरून प्रतिमा सुधारली' हे वाक्य 'एका जुन्या कागदात म्हटले आहे' इतकेच निरुपयोगी आहे. कोणता एडिटर, कोणती आवृत्ती, केव्हा?

२८/ त्या ग्रंथालयातील संगणकावर आता मी एक चिठ्ठी डकवली आहे: 'फाइल्स म्हणजे नॉटिलस.' आणि माझ्या लॅपटॉपच्या मेनूत वर्णन आधी, नाव नंतर असे करून ठेवले आहे. काकू आता विचारत नाहीत, सरळ सनद उघडतात. परवा मात्र म्हणाल्या, "तो डॉल्फिन आज हळू चालतोय गं." नाव त्यांनाही पाठ झाले होते.

धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत. आणि तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या नावामागची कथा ठाऊक असेल, तर तीही खाली लिहावी.